शेवटच्या नळाला बसणारा हातोडा

पाणी यायच्या वेळेला नळातून आधी फुसफुस हवा येते, मग पाइप धडधडतो आणि नंतर धार लागते. ही धडधड आपल्या माताभगिनींच्या चांगली ओळखीची आहे. ती ऐकूनच हंडे-कळश्या बाहेर निघतात. पण कधी कधी ही धडधड एवढी जोरात होते की सांधा निखळतो, गल्लीत पाणी होते आणि बोल मात्र वस्तीलाच लागतो, ‘यांनीच पाइप फोडला!’

आम्ही एका महानगरपालिकेत निवृत्त होईपर्यंत चावीवाल्याचे काम केले. चेंबरचे झाकण उचलायचे, लांब चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. आमच्या जोडीचे बहुतेक कामगार आपल्याच समाजातले. जुन्या मुकादमांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, “बंद करताना शेवटचे फेरे हळू.” कारण कोणी सांगितले नाही. पण आमच्या हातांना ते पटले होते.

कारण असे की पाइपातले पाणी म्हणजे धावती मालगाडी. इंजिन एकदम थांबले की डबे एकामागून एक आदळतात. तसाच पाण्याचा धक्का लाटेसारखा मागे धावतो, लोखंडी पाइपात सेकंदाला साधारण १००० मीटर वेगाने. इंग्रजीत याला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात, म्हणजे पाण्याचा हातोडा. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून १८९८ साली याचा हिशेब मांडला. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडवले तर दाब सुमारे दहा किलोने चढतो. तीस मजली इमारतीएवढा पाण्याचा उभा खांब त्या सांध्यावर ठेवावा, तसे हे झाले! पाइप दोन किलोमीटरचा असेल तर लाट जाऊन परत यायला चार सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण हातोडा बसतो. आणि व्हॉल्व्हचे पाणी तुटते ते शेवटच्या काही फेऱ्यांतच. मुकादमांचे म्हणणे शास्त्रानेही खरे ठरवले.

एका पाइपाचा हिशेब कागदावर होतो. शहरात मात्र हजारो पाइप, हजारो फाटे. प्रत्येक फाट्यावर लाट फुटते, काही पुढे जाते, काही माघारी येते. ते गणित माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून ते कॉम्प्युटरकडे गेले. एक रीत अशी की प्रत्येक पाइपाचे बारीक तुकडे करायचे आणि क्षणाक्षणाला प्रत्येक तुकड्याचा दाब काढायचा. अमेरिकेत डॉन वुड आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली दुसरी रीत मांडली. तुकडे कशाला, लाट फाट्यावर कधी पोहोचते तेवढेच मोजा. यात आकडेमोड पुष्कळ वाचते. वेग हवा तो यासाठी की व्हॉल्व्ह दहा सेकंदांत बंद केला तर काय, साठ सेकंदांत केला तर काय, वीज जाऊन पंप थांबला तर काय, असे शेकडो प्रसंग आधीच पडद्यावर तपासता येतात.

पंप थांबण्याचा प्रसंग आमच्या मते सर्वांत वाईट. तेव्हा दाब चढण्याआधी उतरतो, पाइप उलटा ओढू लागतो आणि गटारातून गेलेल्या गळक्या पाइपात घाण शिरते. मग घरोघरी कावीळ आणि गॅस्ट्रो. डॉक्टर म्हणतात पाणी उकळून प्या. रॉकेल-गॅसचा खर्च कोणी करायचा, ते सांगत नाहीत.

आता खरी गोष्ट. पुढे नळ बंद असले तर फाट्याच्या बंद टोकाला आपटून लाट जवळजवळ दुप्पट होते. शहरात अशी बंद टोके असतात कुठे? आपल्या वस्त्यांत. आणि नकाशा कॉम्प्युटरला देताना काम सोपे व्हावे म्हणून बारीक पाइप पुष्कळदा गाळले जातात. म्हणजे जिथे हातोडा दुप्पट, तीच जागा हिशेबात नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन १९२७ पासून एवढी वर्षे लोटली, तरी पाण्याच्या नकाशावर आपली गल्ली नसावी?

आमच्या वस्तीतली एक मुलगी स्थापत्य शाखेची पदविका करते. ‘एपानेट’ आणि ‘टीएसनेट’ हे प्रोग्रॅम फुकट मिळतात, ते तिने उतरवून घेतले. पहिल्याने वाहणाऱ्या पाण्याचा हिशेब होतो, दुसऱ्याने धक्क्याचा. पडद्यावर दाबाची रेघ एकदम वर उसळली तेव्हा ती म्हणाली, “काका, हा तुमचा शेवटचा फेरा.” बंद करण्याचा वेळ वाढवला तशी रेघ बसत गेली. मग ती म्हणाली, आपल्या गल्लीचे पाइप किती इंची, किती लांब, कोणत्या खोलीपाशी संपतात, हे कुठेच लिहिलेले नाही.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही दोन जुने चावीवाले, ती मुलगी आणि महिला मंडळाच्या चारजणी मोजपट्टी घेऊन निघालो. पाइप कुठून कुठे गेला, हे आम्हांपेक्षा त्या बायांनाच जास्त ठाऊक निघाले. सात गल्ल्या झाल्या. पाच राहिल्या आहेत.