मंडीदीप: आटलेल्या तळ्यातलं बेट

भोपाळच्या जे. पी. नगरात मुलाला छातीशी धरलेल्या आईचा पुतळा आहे. समोर भिंत, भिंतीमागे युनियन कार्बाइडचा गंजका सांगाडा. १९८४च्या २-३ डिसेंबरची वायुगळतीची विषारी रात्र आपल्याला ठाऊक असते. पाण्याची गोष्ट त्याही आधीची. कारखान्याचं सांडपाणी उन्हात आटवायला १९७७ साली उत्तरेला तळी खोदली, ती झिरपली. वायूतून वाचलेल्या वस्त्यांनी पुढे वर्षानुवर्षं हातपंपातून विष प्यायलं. तिथे शुद्ध पाणी द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २००४ उजाडलं.

या भिंतीपाशी मला कामगार आठवतात. खर्च कपातीत, वायू जिथून सुटला त्या जीवघेण्या विभागातली एका पाळीची माणसं बारावरून सहावर आणली होती. धोका आहे, असं १९८२ पासून ओरडून सांगणारे तेच होते. रोजगार हवा की स्वच्छ पाणी, हा सवाल म्हणूनच मला खोटा वाटतो. इथे दोन्ही एकाच कात्रीने कापले गेले.

दुपारी मंडीदीपला पोचलो. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून भलंमोठं तळं केलं आणि हे त्यातलं बेट होतं, म्हणून हे नाव, असं सांगतात. पंधराव्या शतकात माळव्याच्या सुलतान होशंगशाहाने बांध फोडला. आता बेटाच्या जागी औद्योगिक वसाहत आहे, आणि इथून विदिशापर्यंतची बेतवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत गेली. कालिदासाच्या मेघाने जिचं पाणी प्यावं, ती वेत्रवती हीच.

प्रदूषणापायी कारखान्याला टाळं लागलं की पहिला घरी बसतो तो ठेकेदाराचा माणूस. दिल्लीतले १६८ कारखाने हलवण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कामगारांना वर्षभराचा पगारही द्यायला लावला होता. पण तो हजेरीपटावरच्यांना. ज्याचं नावच कुठे नाही, त्याला कोण काय देणार? टाळ्याच्या हुकुमातच त्याच्या मजुरीची तरतूद हवी आणि ती मालकाच्या खिशातून हवी.

भोजपूरला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथलं भोजाचं मंदिर अर्धवटच राहिलेलं. कारागिरांनी खडकावर कोरलेले आराखडे हजार वर्षांनंतरही दिसतात. खाली बेतवाकाठी पाळी सुटलेले तिघे बसले होते. त्यांनी बरोबरच्या बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं.