मास्तरांचा आवाज

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. गावाच्या पश्चिम टोकाला, वाडीच्या आत, एका कौलारू घरात एक वृद्ध मावशी राहतात. काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली आहे. त्यांचे यजमान आमच्या देवळातील गायनवृंदाचे मास्तर होते. २०१४ साली ते देवाघरी गेले. २०२३ च्या मे महिन्यात प्रार्थना आटोपल्यावर मावशींनी आमचा हात धरला आणि त्या म्हणाल्या, "फादर, आमच्या ह्यांची गाणी कॉम्प्युटरवर आहेत म्हणे. नात आली की लावते, ती गेली की घर पुन्हा मुके होते. मला चित्र काय करायचे? नुसता आवाज काढून द्या ना."

"देतो, मावशी," असे आम्ही सहज बोलून गेलो.

वाचकहो, धर्मगुरूच्या तोंडून 'देतो' हा शब्द किती सहज निघतो आणि पुढे किती दिवस वाट पाहत बसतो, हे आपण जाणताच. मे महिन्यात लग्ने होती, जूनमध्ये शाळा उघडल्या, मग पावसाने सभामंडपाचे छप्पर गळू लागले. आवाज कोठे पळून जातो आहे, असे आम्ही मनाला समजावीत राहिलो. ऑगस्टच्या अखेरीस एकदाचे कार्यालयातील संगणकापुढे बसलो. यूट्यूबवर मास्तरांचे तीन व्हिडिओ होते. दोन लागले. तिसऱ्याच्या जागी काळ्या पडद्यावर एकच वाक्य उमटले : हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. मध्यरात्रीच्या नाताळ मिस्सेत मास्तरांनी गायिलेले गीत त्यात होते. ते कोणी टाकले होते आणि का काढले, याचा शोध पुष्कळ घेतला. तो लागला नाही. इतरांची पापकबुली ऐकणाऱ्या आम्ही त्या रात्री स्वतःच्या आळसाची कबुली देवापुढे दिली.

खरे म्हणजे ही गोष्ट आम्हाला कळायला हवी होती. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण सतराव्या शतकात तीनदा छापले गेले, पहिल्यांदा १६१६ साली. त्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ते वाचले ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे, आणि अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले. जे सर्वांसाठी उघड्यावर असते ते सर्वकाळ राहतेच असे नाही. कोणीतरी आपल्या घरी एक प्रत जपावी लागते.

मात्र जपण्याच्या घाईत आम्ही दुसरी चूक केली. गायनवृंदातील एका तरुणाने आंतरजालावरील एक फुकटची सोय दाखविली. व्हिडिओचा पत्ता तेथे चिकटवायचा, की आवाज वेगळा होऊन मिळतो. पानावर 'डाउनलोड' अशी चार बटणे होती. त्यांतील खरे कोणते आणि जाहिरातीचे कोणते, हे आम्हाला कसे कळावे? गाणे तर आले नाहीच. भलताच प्रोग्राम मात्र संगणकात शिरला आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींचे काम तीन दिवस खोळंबले. त्याहून खटकली ती वेगळीच गोष्ट. यूट्यूबच्या अटींनुसार, त्यांनी स्वतः दिलेली सोय किंवा परवानगी यांवाचून व्हिडिओ उतरवून घेता येत नाही. रविवारी सातव्या आज्ञेवर प्रवचन द्यायचे आणि सोमवारी कुंपणावरून उडी मारायची, हे काही शोभणारे नव्हे.

वस्तुतः सरळ वाट अगदी जवळ होती. उरलेले दोन्ही व्हिडिओ मास्तरांच्या कॅनडातील भाच्याने टाकलेले होते. आम्ही त्याला पत्र लिहिले. स्वतः टाकलेला व्हिडिओ मालकाला आपल्या खात्यातून परत उतरवून घेता येतो. त्याने दुसऱ्याच दिवशी दोन्ही फायली पाठविल्या आणि सोबत लिहिले, "फादर, मामीला आवाज हवा आहे, हे मला कोणी सांगितलेच नाही."

पुढील काम कठीण नव्हते. व्हिडिओच्या फायलीत चित्राचा आणि ध्वनीचा प्रवाह वेगवेगळा असतो. एकाला धक्का न लावता दुसरा बाजूला काढता येतो. एफएफएमपेग नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. त्याला चित्र वगळून ध्वनी आहे तसाच उतरविण्याची आज्ञा दिली की क्षणार्धात काम होते. तथापि मावशींकडील लहानसा रेडिओ पेनड्राइव्हवरील फक्त एमपीथ्री फायली वाजवितो. म्हणून व्हीएलसीमधून आणखी एक एमपीथ्री प्रत तयार केली. अशा प्रत्येक रूपांतरात ध्वनीचा थोडा अंश कायमचा गळतो. मोठा आकडा निवडल्याने गेलेले परत येत नाही. यासाठी मूळ फाईल कधी पुसू नये. १२८ किलोबिटची प्रत मिनिटाला साधारण एक एमबी जागा घेते. आमची दोन्ही गाणी मिळून अकरा मिनिटांची, म्हणजे अकराच एमबी झाली. एका माणसाची उरलेली सारी वाणी एवढ्याशा जागेत मावली, याचे आम्हाला नवल वाटले आणि वाईटही वाटले.

भेट नीटनेटकी असावी, म्हणून ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये आम्ही ती थोडी साफ केली. पंख्याची घरघर कमी केली, बाकांचा आवाज काढला, प्रारंभीचे खाकरणे कापून टाकले. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी पेनड्राइव्ह घेऊन गेलो. रेडिओ लावला. मास्तरांचा खर्जातला आवाज ओटीवर भरून राहिला. मावशी मान खाली घालून ऐकत होत्या. गाणे संपल्यावर काही वेळ त्या बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "फादर, ह्यांचा खोकला कुठे गेला?"

आम्ही गोंधळलो.

"गाण्याआधी दोनदा खोकायचे. मग मला कळायचे, आता हे सुरू करणार. चुलीपाशी असले तरी मी हात थांबवायची."

आम्ही ज्याला केर समजून बाहेर टाकले होते, तीच या घरात एकेचाळीस वर्षे गाण्याची पहिली ओळ होती. सुदैवाने मूळ फाईल शाबूत होती. त्याच संध्याकाळी काही न कापता, काही न सुधारता नवी प्रत तयार केली आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून नेऊन दिली. या खेपेस दोनदा खोकल्याचा आवाज आला, आणि मावशींनी मांडीवरचे दोन्ही हात थांबविले.

मूळ फायली आता तीन ठिकाणी आहेत : कार्यालयात, नातीकडे आणि भाच्याकडे. तिसरे गीत मात्र कोठेच नाही. पुढच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला गायनवृंद उभा राहिला, तेव्हा आम्ही वेदीपाशी क्षणभर थांबलो. कोणी खोकले नाही.