जात्याला टाकी

आमच्या घरात मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे आईचे जाते. माझे शिक्षण त्या जात्यावर चालले आहे असे मी म्हटले तर त्यात अलंकार नाही. गावातल्या बायका तूर, हरभरा, मूग घेऊन येतात आणि आई डाळ भरडून देते. वडील गेल्यापासून हीच आमची मिळकत आणि हीच माझी फी. कॉलेजात आले तेव्हा प्रवेशअर्जावर 'पालकांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी तिथे 'शेती' लिहिले. आम्हाला शेत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तर ओसरीवर तुरीचे एकही गाठोडे नव्हते. एरवी त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. "जातं मुकं झालंय गं," आई म्हणाली. मी एक मूठ तूर घालून खुंटा फिरवला. जाते फिरले, पण तो भरड आवाज काही येईना. कडेने काही दाणे तसेच्या तसे बाहेर आले, काहींचा चुरा झाला. नीट फुटलेली डाळ शोधावी लागली.

दोघींनी मिळून वरची तळी उचलून उभी केली. आतला दगड पाटीसारखा गुळगुळीत झाला होता. भूगोलाच्या तासाला आम्ही शिकलो की दख्खनचा हा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो दगडसुद्धा माझ्या फीपायी झिजला! अर्थशास्त्रात ज्याला 'घसारा' म्हणतात तो मला त्या दिवशी हाताला लागला.

पूर्वी टाकीवाले दारोदार हाक देत यायचे. आता घरोघर मिक्सर आहेत, पिठाला गिरणी आहे, त्यामुळे ते येईनासे झाले. पण मिक्सरमध्ये डाळ होत नाही, तिचा भुगा होतो. आणि चार-पाच किलो तुरीसाठी तालुक्याच्या डाळमिलला कोण जाणार? म्हणून मीच ठरवले. लोहाराकडून एक टाकी करून आणली, तिला पाणी देऊन घेतले. डोळ्यात कपची उडू नये म्हणून वडिलांचा जुना चष्मा लावला आणि हातोडी घेतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं कुठं टाकी धरावी का?" मी ऐकले नाही असे दाखवले.

पण पहिल्याच तासाभरात घात झाला. कडेजवळ मी जोरात घाव घातला आणि बोटभर कपचा निघून पडला. माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या वर्षाची फी उभी राहिली. आई जवळ येऊन बसली. रागावली नाही. कपच्याची जागा बोटाने चाचपली आणि म्हणाली, "दगडाला मारायचं नसतं, टोचायचं असतं. टाकी तिरपी धर." आईने स्वतः कधी टाकी धरली नव्हती, पण टाकीवाल्याचा हात तिने वर्षानुवर्षे पाहिला होता. तिने कोळशाने दगडावर खुणा करून दिल्या: मधल्या तोंडापाशी टाके विरळ, कडेला दाट. मी शाळेत गेले आणि आई गेली नाही, पण त्या दोन दिवसांत शिकवणारी तीच होती.

तळ्या झाल्या तरी जाते डुगडुगत होते. खालच्या तळीतल्या लोखंडी खुंटीवर ज्या लाकडी माकडीचा भार असतो, तिचे भोक झिजून मोठे झाले होते. सुताराकडून बाभळीची नवी माकडी घेतली. भरडताना वरची तळी जरा उचललेली राहावी म्हणून आई खुंटीभोवती चिंधी गुंडाळायची. चिंधी दबली की पुन्हा तळी खाली. मी सायकलच्या दुकानातून लोखंडी वॉशर आणले. आता दोन वॉशर घातले की डाळ, एक काढला की भरडा, दोन्ही काढले की पीठ. एवढी एकच सुधारणा माझी. ती पाहून आई हसली, "हे त्या टाकीवाल्यालाबी नव्हतं सुचलं."

मग जाते धुऊन वाळवले. आधी नुसता कोंडा दळून फेकून दिला, कारण त्यात दगडाची कच उतरते. दोन वेळा आईने चिमूट दाताखाली धरली आणि मान हलवली. तिसऱ्या वेळी कचकच लागली नाही. मग तूर घातली. जाते बोलू लागले आणि पिवळीधमक डाळ कडेने पडू लागली. आई ओवी गुणगुणू लागली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, असे आम्हाला वर्गात सांगितले होते. तेव्हा मी ते परीक्षेपुरते वहीत लिहून घेतले होते.

चौथ्या दिवशी पहिले गाठोडे आले, ते शेजारच्या काकूंचेच.

या वर्षीच्या प्रवेशअर्जावर त्या रकान्यात मी 'डाळ भरडणे' असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

(द्वितीय वर्ष, कला)