नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. ‘एखाद्या मोठ्या संख्येवर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात हीच आली. सतरा अंकी. ‘लीलावती’तल्या यादीत सतरावं स्थान ‘मध्य’. त्यापुढे फक्त परार्ध.

बऱ्हाणपुरात गणित शिकवणाऱ्याला लोक विचारतात ते मोबाइल नंबरची बेरीज शुभ येते का, हे. गाडीच्या नंबरासाठी जादा पैसे मोजणारेही भेटतात. मला या सगळ्याचा वीट आला आहे. संख्येचे गुण तिच्या रचनेत असतात, मालकाच्या नशिबात नाही.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्यं मांडतं, शेवटचे २१ हरवतात. म्हणून मी मुलांना वहीतच गुणाकार करायला लावतो. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा उजवीकडून १, २, ३ अशा चढतात, मधल्या घरात ९ येतात आणि पुन्हा उतरतात. हातचा कुठेच नाही.

या जातीच्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. ते देवळालीला शाळामास्तर होते. कल्पना सुचली ते डेम्लो, म्हणजे आजची डोंबिवली, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन. आमचं बऱ्हाणपूरही त्याच रेल्वेवरचं, याचा मला अभिमान आहे. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, ती कापरेकरांची ‘हर्षद’ संख्या. इथे बेरीज ८१. १०, १००, १००० कशालाही ९ ने भागा, बाकी १ च. नऊ एकांची बाकी नऊ, म्हणजे शून्यच. मूळ संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने.

दहावा एक जोडला की हातचा येतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. बेरीज ८२, पण संख्या विषम. भाग जाणारच नाही.

आता माझा जुना वाद. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली लिहिलं की ८७१२ आणि ९८०१ या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, पण गणितज्ञाला त्यात फारसं काही नाही. कापरेकरांवरही हाच शेरा: ही दशमान पद्धतीतली करमणूक. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा कुठे त्यांचं नाव जगभर झालं, आणि तेही करमणुकीच्या सदरात. मला हे खुपतं. शेरा मारण्याआधी पाया बदलून तरी बघा! आठाच्या पायात सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१. अंकांची बेरीज एकोणपन्नास, आणि एकोणपन्नासाने भाग जातो. कोणताही पाया घ्या, त्याहून एकाने कमी इतके एक लिहा, वर्ग करा. हर्षद संख्याच मिळेल. सिद्धता वर दिली तीच, फक्त नवाच्या जागी ‘पाया वजा एक’.

हार्डींची ९८०१ सुद्धा अशीच टिकते. ती १०८९ ची नऊपट. आठाच्या पायात १०६७ ची सातपट ७६०१.