बर्डीवरचं धनवटे

दुर्ग जिल्ह्यातल्या जामुलला आमची मराठी घराच्या उंबरठ्यापर्यंतच होती. गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि सिमेंट कारखान्याच्या गेटावर दोन्हींची भेळ. एसीसीचा तो कारखाना 1965चा. भिलाईच्या पोलाद कारखान्यातली स्लॅग त्याच्या सिमेंटात जायची, धूळ आमच्या वाट्याला यायची. आईला तुळशीची पानं धुतल्याशिवाय देवाला वाहता येत नसत.

नाटक बघायचं तर नागपूर गाठायचं. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच. राज्यं वेगळी झाली तरी सोयरीक थोडीच तुटते? आत्या नागपुरात महाल भागात राहायची. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस आले की तिचं पत्र यायचं. मग डोंगरगढ, सालेकसा, आमगाव, गोंदिया करत आम्ही निघायचो. डोंगरगढला बम्लेश्वरीला गाडीतूनच हात जोडायचे आणि गोंदियाच्या फलाटावर मराठी कानावर पडली की बाबा उगाचच चहावाल्याशी गप्पा मारायचे.

धनवटे रंगमंदिर सीताबर्डीवर, झाशी राणी चौकात. विदर्भ साहित्य संघाचं हे नाट्यगृह. नागपूरकर नुसतं ‘धनवटे’ म्हणत आणि सीताबर्डीला नुसतं ‘बर्डी’. स्टेशनावरून पायी जाता यायचं, म्हणून बाबा रिक्षा करत नसत. दाराशी पोचल्यावर ते खिशातल्या रुमालाने आधी स्वतःच्या, मग आमच्या चपला पुसायचे. जामुलची धूळ एवढा प्रवास करूनही चपलांच्या शिवणीत बसलेलीच असायची.

स्पर्धेच्या नाटकाचा प्रेक्षक मोठा खट. निम्मे लोक दुसऱ्या दिवशी स्वतः उभे राहणार असायचे, त्यामुळे पडदा सरकायच्या आधीच नेपथ्यावर शेरे सुरू. “अवो, यायचा दरवाजा हलून राह्यला ना!” असं मागून कोणी म्हणालं की आत्या वळून डोळे वटारायची. तिसरी घंटा झाली की तीच आम्हाला दटावायची, “आता हूं की चूं नाही पाहिजे.”

विनोद झाला की अख्खं नाट्यगृह हसायचं आणि आम्ही भावंडं क्षणभर मागे पडायचो. आमची मराठी स्वयंपाकघरातली. कोटी कळायला वेळ लागायचा. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे. घरी ते फारसे हसत नसत. शिफ्ट करून आलेला माणूस जेवतो नि झोपतो. इथे मात्र अनोळखी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून हसताना मी त्यांना पाहिलंय. एवढ्या माणसांना एकाच वेळी एकच मराठी वाक्य कळतं, हे जामुलच्या मुलीला नाटकापेक्षा नवलाचं होतं.

आत्याकडून ऐकलेल्या नाट्यकथा वेगळ्याच. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, सगळ्यांचे ‘मास्तर’. ते आत्याच्या बोलण्यात असे यायचे, जणू कालच भाजीबाजारात भेटले. महेश एलकुंचवारांचा किस्साही नागपूरचाच. सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून ते विजय तेंडुलकरांचं, विजया मेहतांनी बसवलेलं ‘मी जिंकलो मी हरलो’ बघायला गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पुढे नाटककार झाले. स्टेशनाजवळ, बाजारात नाटक असलं की असे वाट चुकलेले लोक आत शिरतात. आम्हीही त्यातलेच.

पुढे धनवटे पाडलं. त्या जागी साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल उभं राहिलं, मल्टिप्लेक्ससकट. संस्थेला उत्पन्न लागतं, जुनी वास्तू पोसणं सोपं नसतं, हे मला मान्य आहे. नागपूरला नाट्यगृहांची वाण आहे असंही नाही. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. 2017 साली रेशीमबागेत सुरेश भट सभागृह झालं, ते तर प्रचंड. पण नाट्यगृह कुठल्या चौकात आहे, यावरून तिथे कोण येणार ते ठरतं. धनवटेला भाजीची पिशवी घेऊन, बाहेरगावची वळकटी घेऊन माणसं येत. आता ठरवून, गाडी काढून यावं लागतं. शहरातल्याला ते जमतं. दुर्ग-राजनांदगावच्या मराठी माणसाला मुक्कामाची सोय आधी बघावी लागते.

आत्या गेल्यावर आमची ती सोय संपली. मागच्या हिवाळ्यात भावाच्या मुलाला घेऊन मी रेशीमबागेत नाटक बघितलं. आवाज स्वच्छ, खुर्च्या मऊ. मध्यंतरात त्याने मोबाइलवर गाडीची वेळ बघितली आणि म्हणाला, “बुआ, अब निकलना पडेगा.” त्या नाटकात शेवटी खून कोणी केला, ते मला अजून कळलेलं नाही.