सात घरांचा वाटा

साताऱ्याहून एक किलो कंदी पेढे आणले आणि सांगलीत सात घरांत सारखे वाटायचे ठरवले, तर प्रत्येक घराला किती ग्रॅम येतील? १००० भागिले ७. उत्तर १४२.८५७१४२८५७... भागाकार संपतच नाही. १४२८५७ हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात.

आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक, एक सातारा जिल्ह्यात, एक सांगलीत. उर्दू आणि मराठी शिकवतो. गणित हा आमचा विषय नाही. तरी ऑफ तासाला आम्ही ही संख्या फळ्यावर लिहितो आणि मुलांना गुणाकार करायला सांगतो. दुपटीने २८५७१४. तिपटीने ४२८५७१. चौपटीने ५७१४२८, पाचपटीने ७१४२८५, सहापटीने ८५७१४२. आकडे तेच, फक्त जागा बदलतात. आणि सातपटीने? ९९९९९९!

यात जादू नाही. सातने भागताना दर वेळी १ ते ६ यांपैकीच बाकी उरते. एकला भागायला घेतले की बाकी ३, २, ६, ४, ५ अशी येत पुन्हा १ वर पोहोचते. दोनला भागा; फेरा तोच, फक्त सुरुवात दुसऱ्या ठिकाणाहून.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज करा. पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. पदवी बी.एस्सी.ची, साधने कागद-पेन्सिल. मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसे विचारले नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव सर्वदूर गेले.

हे सांगण्याचे कारण आहे. "आमच्या मुलीला गणित जमणार नाही," असे पालक मुलीच्या समोरच बोलतात. दहावीनंतर विज्ञान शाखेचा विषय तिथेच संपतो. उर्दू माध्यमातल्या मुलींना तर भाषेचीही धास्ती असते. पण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली, तरी तिच्यातला आकडा मराठीसारखाच डावीकडून उजवीकडे लिहिला जातो. हिंदी अंकांवर नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी ग्रंथ लिहिला. आजचा 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. इल्म असाच गावोगाव फिरत आपल्यापर्यंत आला आहे. तो मुलींच्या दारात अडू नये.

आज रात्री जेवणानंतर मुलांना जवळ बसवा. अम्मीनेही पेन्सिल घ्यावी. एकला १३ ने भागा, मग १७ ने. १३ ला सहा आकड्यांचा फेरा मिळेल, पण त्याची दुप्पट केली तर आकडे बदलतील. १७ ला सोळा आकड्यांचा फेरा मिळेल. त्याची दुप्पट काय येते, ते मुलीलाच शोधू द्या.