बीडची वेलांटी

सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या राव! टीममधल्या एकाने बाहेरची रेजेक्स लायब्ररी काढून पायथॉनची घरचीच 'आरई' बसवली. दुसऱ्या दिवशी पत्त्यांच्या यादीत परळीचं झालं परळ, आणि बीडचे 'ब' नि 'ड' असे दोन तुकडे! कारण साधं आहे: 'आरई'मधला बॅकस्लॅश-डब्ल्यू काना-वेलांटीला अक्षरात धरतच नाही. पायथॉनकडे ही तक्रार २०११ पासून नोंदलेली आहे.

"रिव्हर्ट नको, पॅच मारू," तो म्हणाला. मी रिव्हर्टच केलं. पॅच होईपर्यंत परळीची पत्रं मुंबईला गेली असती. रिव्हर्ट म्हणजे कुणाचा अपमान नव्हे, शांतपणे विचार करायला मिळालेला वेळ.

आणि हो, त्या टेस्टमध्ये एकही मराठी शब्द नव्हता. आता पहिलाच आहे: बीड.